कामाच्या ठिकाणी शब्दाला वजन कसं येतं? कोल्हापुरातल्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या कंपन्यांत आणि शहरातल्या बँकांत प्रशिक्षणाच्या निमित्तानं माझं जाणं-येणं असतं. वर्गात कोणी फारसं काही विचारत नाही. खरे प्रश्न चहाच्या सुट्टीत, बाजूला घेऊन, "सर, एक विचारू का" म्हणून येतात. तेच इथं एकत्र केलेत. उत्तरं माझ्या समजुतीची आहेत. सगळी सगळ्यांना लागू पडतील असं नाही.

पद नसताना शब्दाला वजन येतं का?

येतं. एखाद्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, जाऊन बघा. मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, एक जुना कामगार असतो. त्याच्याकडं ना सही, ना शिक्का. पण वाळू मुठीत दाबून तो "आज ओल जास्त हाय" म्हणाला की लॅबचा रिपोर्ट यायच्या आधीच शिफ्ट इंजिनिअर मिक्सरकडं धावतो. आणि त्याच कंपनीत केबिनबाहेर मॅनेजरची पाटी लागलेल्या माणसाचा मेल लोक निवांत उद्यावर टाकतात.

१९५९ साली जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाचा दुसऱ्यावर प्रभाव कशामुळं पडतो याचे पाच आधार मांडले होते: पदाचा अधिकार, काहीतरी देण्याची ताकद, शिक्षेची धास्ती, जाणकारी आणि माणूस म्हणून वाटणारा आदर. पहिले तीन बहुतेक कंपनी देते आणि कंपनीच काढून घेते. शेवटचे दोन आपले आपण कमवायचे असतात.

माझं म्हणणं असं की नुसती जाणकारीही पुरत नाही. हुशार माणसं प्रत्येक खात्यात असतात. "हा बोलला म्हणजे बघून आला असणार" असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, तो मात्र एखादाच. तो तसा होतो, कारण त्यानं सांगितलेलं खरं निघताना लोकांनी दोन-चारदा बघितलेलं असतं. म्हणजे काम दुहेरी आहे: बोललेलं खरं करायचं, आणि ते खरं झालेलं लोकांना दिसेल असंही बघायचं. आपल्याकडं बरेच जण पहिल्यावरच थांबतात आणि मग "माझी कदर नाही" म्हणत बसतात.

मीटिंगमध्ये बोलायचं ठरवून जातो, पण वेळ निघून जाते. काय करू?

पहिली गोष्ट म्हणजे मीटिंगमध्ये निर्णय होतो हा समज सोडा. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात कोणाची जोड कोणाशी लागणार हे मैदानात ठरत नाही, ते आधी ठरलेलं असतं. मोठ्या मीटिंगचंही तसंच. तुम्हाला मशीनवर पार्ट पकडून ठेवणारं फिक्श्चर बदलायचं असेल, तर आदल्या दिवशी मेंटेनन्सवाल्याला गाठा, टूल रूमला विचारा, पर्चेसच्या माणसाला अंदाजे खर्च सांगा. त्यांच्या शंका तिथंच कळतात आणि मीटिंगमध्ये तुमचा मुद्दा आला की निदान एक मान तरी डोलते.

ती एक मान फार कामाची असते. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. समोर रेषा ठेवल्या होत्या, कोणती कोणत्या रेषेइतकी लांब एवढंच सांगायचं होतं. बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे आणि मधला खरा माणूसही बऱ्याचदा त्यांच्या मागं जायचा. पण एक जरी जण बरोबर उत्तर देणारा असला, की हे मागं जाणं खूप कमी व्हायचं. तुमच्या मीटिंगमधला तो एक जण आदल्या दिवशीच शोधून ठेवायचा.

दुसरं, पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी बोला, मग तो साधा प्रश्न का असेना. जितका उशीर, तितका घसा कोरडा पडतो.

तिसरं, सुरुवात आकड्यानं करा. "सर, मला असं वाटतं की कदाचित आपण थोडं बघायला पाहिजे" या वाक्यात पकडायला काहीच नाही. त्याऐवजी म्हणा, "सर, या पार्टचे सोमवारी १२ नग रिजेक्शनला गेले, मंगळवारी १९. दोन्ही दिवशी सेकंड शिफ्टलाच." एवढं बोलून गप्प बसा. पुढचा प्रश्न ते विचारतील आणि मग मीटिंग तुमच्या मुद्द्यावर चालेल.

काहीतरी बिघडलंय हे वर कसं सांगायचं? आमच्याकडं सांगणाऱ्यालाच धारेवर धरतात.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठून आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि काही दिवस वाहतूक ठप्प झाली. इथल्या कारखान्यांचा माल पुण्याकडं गेला नाही की तिकडची असेंब्ली लाइन अडते.

अशा वेळचे दोन डिस्पॅचवाले डोळ्यांसमोर आणा. पहिला गाडी अडकल्यावर फोन करतो, "साहेब, रोड बंद झालाय, आता काय करायचं?" दुसरा पाणी ३९ फुटांवर पोचायच्या आधीच साहेबांच्या टेबलापाशी उभा असतो. "साहेब, कालपासून पाणी चढतंय, धरणाचा विसर्ग पण वाढवलाय. तयार असलेला चार दिवसांचा माल आज रात्री काढला तर पुण्यात गोडाऊनला पडून राहील. दोन गाड्या जादा लागतील. पाणी नाही आलं तर ते भाडं अंगावर पडणार. कस्टमरचा मेल लिहून ठेवलाय, तुम्ही हो म्हणाला की पाठवतो."

यात त्यानं काय काय केलं ते बघा. काय घडतंय ते सांगितलं, उपाय पुढं ठेवला, आपला अंदाज चुकला तर काय जाणार हेही स्वतःच सांगितलं आणि साहेबांकडून फक्त एक 'हो' मागितला. समजा पाणी उतरलं आणि भाडं वाया गेलं. तरीही पुढच्या पावसाळ्यात साहेब सगळ्यात आधी त्यालाच विचारणार, "काय रे, काय वाटतंय?"

कारण माहीत नसेल तर? तरीही सांगायचं. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या पार्टमध्ये, ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) निघायला लागले की प्रत्येक खातं दुसऱ्याकडं बोट दाखवतं. वाळूतली ओल वाढली असेल, कोअर (साच्याच्या आत बसवायचा वाळूचा तुकडा) नीट भाजला नसेल, व्हेंट (हवा बाहेर जायची भोकं) बुजले असतील. कितीतरी वेळा हा दोष मशिनिंगला गेल्यावर, म्हणजे कस्टमरच्या दारातच उघडा पडतो. तिथून फोन यायच्या आधी तुम्ही म्हणालात, "काल रात्रीच्या लॉटमध्ये ब्लोहोल दिसतायत. तो लॉट बाजूला काढलाय. कारण अजून कळलं नाही, वाळूचे रिपोर्ट बघून पाचला सांगतो", तर ते पुरे आहे. अट एकच: पाचला जायचं. काही सापडलं नसेल तर "अजून सापडलं नाही, कोअर बघतोय" एवढं सांगायला जायचं. बहुतेक लोक नेमके इथंच मार खातात. सकाळी धीरानं सांगतात आणि संध्याकाळी सांगण्यासारखं काही नाही म्हणून तोंड लपवतात. साहेबांना मग प्रत्येक गोष्ट स्वतः विचारावी लागते, आणि ज्याला विचारावं लागतं त्याच्यावर भरवसा बसत नाही.

आता धारेवर धरण्याबद्दल. पहिल्या एक-दोन वेळेला ऐकून घ्यावं लागेल, त्याला इलाज नाही. पण चारचौघांत सांगू नका, मीटिंगच्या आधी केबिनमध्ये जाऊन सांगा. मालकांसमोर अचानक तोंडावर पडायची वेळ आली की साहेब जास्त चिडतात. ती वेळ तुम्ही टाळली हे त्यांच्या लक्षात राहतं, बोलून दाखवलं नाही तरी.

काम मी करतो, श्रेय दुसराच घेतो.

काम संपल्यावर श्रेयासाठी भांडणं अवघड जातं, म्हणून काम चालू असतानाच आपलं नाव त्याला चिकटलेलं असू द्या. सुरू करताना एक मेल, मध्ये एकदा "इथपर्यंत आलोय", शेवटी निकाल. तीन छोटे मेल, तेही साधे. आणि त्यात ज्यांनी हात लावला त्यांची नावं आवर्जून घाला. दुसऱ्याचं नाव घेणाऱ्याचं स्वतःचं नाव लोक आपोआप घेतात, आणि फुकटचं श्रेय घेणाऱ्याची पंचाईत होते, कारण त्याचं नाव कुठल्याच मेलमध्ये नसतं.

असं स्वतःचं काम सांगत बसणं म्हणजे पुढं पुढं करणं नाही का?

जे झालं तेवढंच सांगितलं तर नाही. साहेबांच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक आणायला धावणं म्हणजे पुढं पुढं करणं.

इंग्रजी कच्चं आहे. बाहेरचा कस्टमर आला की मी मागं उभा राहतो.

कस्टमरकडून ऑडिटला आलेल्या माणसाला तुमचं व्याकरण तपासायचं नसतं. त्याला रेकॉर्ड बघायचं असतं आणि विचारल्यावर ते किती लवकर पुढं येतं हे बघायचं असतं. आपल्या प्रोसेसबद्दल वीस-पंचवीस वाक्यं इंग्रजीत लिहून पाठ करा. हा पार्ट कुठं लागतो, कोणतं माप महत्त्वाचं, ते कशानं मोजतो, किती वेळानं मोजतो, चुकलं तर काय करतो. एवढ्यावर बरंच ऑडिट निभावतं. अडलं तर सरळ हिंदीवर या. चेन्नईहून आलेला इंजिनिअरही हिंदीत तुमच्याइतकाच चाचपडत असतो, हे एकदा कळलं की भीती निम्मी होते.

मागं मात्र उभं राहू नका. मशीनजवळचा माणूस गप्प आणि मशीन कधी न चालवलेला माणूस इंग्रजीत फाडफाड, हे दृश्य मी फार बघितलंय. ऑडिटरही बघतो.

पुण्याच्या ऑफिसबरोबर ऑनलाइन कॉल असला की आमच्या बोलण्यावर तिकडं हसतात.

एकदा हसतील, दोनदा हसतील. बोली बदलायच्या भानगडीत पडू नका, ते उसनं बोलणं लगेच कळतं आणि त्यातच सगळं लक्ष जातं. वेग तेवढा कमी करा. आपण कोल्हापूरकर कॉलवरसुद्धा पलीकडच्या गल्लीतल्या माणसाशी बोलल्यासारखं बोलतो, तर आवाजही जरा खाली घ्या. बाकी "हाय" आणि "नाय" राहिलं तरी कोणाची ऑर्डर अडत नाही.

कंपनी घरची आहे. थोरले साहेब एक सांगतात, धाकटे साहेब दुसरंच. मधल्यामध्ये माझं मरण.

ही खास आपल्याकडची अडचण. ऑइल इंजिनांच्या काळात उद्यमनगरात एका शेडमध्ये सुरू झालेले धंदे आता पुढच्या पिढ्यांच्या हातात आलेत. थोरल्यांचा हिशेब खिशातल्या डायरीत, धाकट्यांचा कॉम्प्युटरवरच्या ईआरपीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि दोघांनाही तुम्ही "आपला माणूस" हवे असता.

कोणाचाच माणूस होऊ नका. निरोप्याही होऊ नका. "ते असं म्हणत होते" हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळा, कारण संध्याकाळी जेवायला ते दोघं एकाच ताटलीला बसणार आणि तुम्ही उघडे पडणार. एक कागद करा, त्यावर दोन पर्याय, दोन्हींचा खर्च आणि लागणारे दिवस. तोच कागद, एक अक्षरही न बदलता, दोघांसमोर ठेवा. निर्णय त्यांच्यात होऊ दे.

थोरल्यांसमोर नवीन गोष्ट नेताना जुनं वाईट होतं असं कधी म्हणू नका. ते जुनं त्यांनी रक्त आटवून उभं केलेलं असतं. "तुम्ही बसवलेली पद्धत आता तीनशे पार्टांना पुरत नाही" असं म्हटलं तर ते ऐकतात. धाकट्यांसमोर मात्र उलटा धोका. त्यांना सगळं याच महिन्यात हवं असतं. तिथं तारीख मागून घ्यायची आणि ती पाळायची.

साहेब लांबचे पाहुणे लागतात. ओळख काढावी का?

कोल्हापुरात दोन माणसं पाच मिनिटं बोलली की पाहुणं निघतंच. लपवण्यात अर्थ नाही, कोणीतरी सांगणारच. ओळख सांगून जास्तीचं काम मागा, सूट मागू नका. आणि कंपनीत "मामा", "दाजी" नको. गेटच्या आत सगळे साहेब.

मी क्वालिटीला आहे. मला सगळे "ताई" म्हणतात, मान देतात, पण पार्ट अडवला की सही सरांचीच मागतात.

"ताई" म्हणण्यात वावगं काही नाही. खोच सहीत आहे. तुमच्या साहेबांकडून लेखी घ्या की अमुक पार्टांची होल्ड आणि रिलीज (अडवणं आणि सोडणं) तुमच्या सहीनं होईल, आणि ते पत्र शॉपवर लावा. मग एक विनंती त्यांना तोंडी करा: कोणी तुम्हाला वळसा घालून त्यांच्याकडं गेलं तर त्यांनी फक्त "मॅडमना विचारलं का?" म्हणून परत पाठवायचं. असे दोन-तीन जण परत आले की वळसा बंद होतो. साहेबच जर हळूच सही करून देत असतील, तर अडचण शॉपवर नाही, केबिनमध्ये आहे, आणि बोलणं तिथंच करायला हवं.

दुसरी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. बरेच निर्णय ऑफिसात होतच नाहीत, ते कोणाच्या तरी मळ्यात तांबड्या-पांढऱ्याच्या पार्टीत होतात, आणि तिथं बायकांना बोलावणं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज विचारा, "काल काय ठरलं ते मेलवर टाकता का, म्हणजे प्लॅनमध्ये घेते." दरवेळी विचारा. ठरलेलं कागदावर आलं की त्यावर तुम्हालाही बोलता येतं.

आणि चेष्टा-मस्करी मर्यादा सोडत असेल तर तो प्रभावाचा विषयच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. तिकडं जा.

देहबोलीचा ९३ टक्के परिणाम होतो म्हणे. मग कोर्स करावा का?

ते ९३ टक्क्यांचं गणित अर्धवट सांगितलेलं असतं. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग भावनांबद्दल होते. शब्द एक सांगतोय आणि चेहरा-आवाज दुसरंच, तर समोरच्याला आपल्याबद्दल काय वाटतंय हे ऐकणारा कशावरून ठरवतो, एवढंच त्यात होतं. रिजेक्शनचा रिपोर्ट सांगताना शब्दांना सात टक्केच किंमत असते असा त्याचा अर्थ नाही. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ सेफ्टी शूज, बोलताना फोन खिशात. झाला कोर्स.

व्हॉट्सॲप ग्रुपवर किती बोलावं?

कामाच्या ग्रुपवर काम. सकाळचे फुलांचे फोटो घरच्या ग्रुपवर. कोणाची चूक ग्रुपवर दाखवू नका, फोन करा. निर्णय झाला की मात्र लगेच दोन ओळी टाका: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. हे काम कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून कोणी करत नाही. जो करतो, त्याच्या त्या दोन ओळींनाच पुढं सगळे "त्या दिवशी असं ठरलेलं" म्हणून धरतात.

नाही कसं म्हणायचं?

नुसतं "नाही" ऐकायला कठीण, आणि "बघतो" म्हणून न करणं त्याहून वाईट. "आज हे घेतलं तर ते उद्यावर जाईल, कोणतं आधी करू?" असं विचारा. निवड त्यांची, वेळेचं गणित तुमचं.

सहकारी बँकेत आहे. संचालकांचा फोन येतो, "तेवढं प्रकरण बघा." काय करावं?

फोनवर हो-नाही काहीच न म्हणता कागदावर या. "साहेब, प्रकरण बघितलं. उत्पन्नाचा दाखला आणि तारणाचं मूल्यांकन राहिलंय. दोन्ही आलं की टिपणी करून सभेपुढं ठेवतो." आवाजात ताठा नको, घाबरटपणाही नको. २०२० मध्ये बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची पकड वाढलीय, हे संचालकांनाही ठाऊक असतं. तरीही ते फोन करतात, कारण त्यांनाही कोणाला तरी "फोन केला" असं सांगायचं असतं. बऱ्याचदा प्रकरण तेवढ्यावरच मिटतं. टिपणी मात्र अशी लिहा की दोन वर्षांनी तपासणीत ती वाचली गेली तर तुम्हाला उठून खुलासा करायला लागू नये.

लिंक्डइनवर असावं का?

असावं. रोज सुविचार टाकू नयेत.

हे सगळं जमायला किती वेळ लागतो?

महिन्यांत मोजा, आठवड्यांत नाही. एक ऑडिट, एक पावसाळा, एक वर्षअखेरीचा स्टॉक, एवढं तुमच्याबरोबर काढलेल्या माणसाचं तुमच्याबद्दल पक्कं मत झालेलं असतं. खाती बदलत राहिलात तर ते मत प्रत्येक वेळी पहिल्यापासून बनतं, हेही धरून चाला.

सगळं करून बघितलं. तरी ऐकत नाहीत. नोकरी सोडू का?

आधी बघा, फक्त तुमचंच ऐकत नाहीत की कोणाचंच नाही. काही ठिकाणी मालकाशिवाय कोणाच्याच शब्दाला किंमत नसते. तिथं दहा वर्षं काढून पगार वाढेल, बाकी काही वाढणार नाही. तुमच्याच जागेवरच्या दुसऱ्या माणसाचं ऐकत असतील, तर तो वेगळं काय करतो ते आधी नीट बघा.

सोडायचंच ठरलं तर भांडून सोडू नका. शिरोलीतला पर्चेस मॅनेजर आणि कागलमधला प्लांट हेड एकाच लग्नात पंगतीला शेजारी बसतात, आणि तुमच्याबद्दल विचारणा अर्जावर लिहिलेल्या नंबरांवर नाही, तिथं होते. नोटीस पूर्ण भरा. हातातल्या कामांची यादी करा, काय झालंय आणि काय राहिलंय ते समोर लिहा, घेणाऱ्याची आणि साहेबांची सही घ्या, एक प्रत स्वतःकडं ठेवा. नव्या ठिकाणी पहिला महिना काही सुचवायला जाऊ नका. तिथं कोण कोणाचं ऐकतं, तेवढं बघून घ्या.